हो हो, मीच ढकललं

कोर्टात त्यांना सगळे दुभाषीबाई म्हणत. नुसतं 'बाई' म्हटलं तरी कोणाबद्दल बोलणं चाललंय ते शिपायापासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांना कळायचं. शहराच्या खालच्या अंगाला, बंदराजवळ, दुसऱ्या मुलखातून कामाला आलेल्या लोकांची मोठी वस्ती होती. त्यांची भाषा निराळी. त्यांच्यातला कोणी साक्षीला उभा राहिला, की बाई त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसायच्या, मान जरा त्याच्याकडे कलती करायच्या, आणि तो थांबला की त्याचं बोलणं कोर्टाच्या भाषेत सांगायच्या. लहानपणी त्या त्याच वस्तीच्या शेजारी वाढल्या होत्या. ती भाषा त्यांनी पुस्तकातून नव्हे, गल्लीत खेळताना आणि भांडताना उचलली होती.

नुसती भाषा येणारे पुष्कळ असतात. बाईंचं नाव होतं ते वेगळ्या गोष्टीसाठी. माणूस अडखळला तर त्याही अडखळायच्या. कोणी तिरकस बोललं तर तो तिरकसपणा तसाच्या तसा त्यांच्या तोंडून बाहेर पडायचा. एकदा एक म्हातारा साक्षीदार म्हणाला होता, "माझा जावई? देवमाणूसच तो!" बाईंनी ते अशा काही सुरात सांगितलं, की अख्खं कोर्ट हसलं आणि जावई खाली मान घालून बसला. न्यायाधीश म्हणायचे, "बाई सांगतात तेव्हा मधे कोणी आहे असं वाटतच नाही."

बाईंच्या यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं. त्यांना लोक चष्मेवालेच म्हणत. या दोघांचा संसार गोड बोलण्यावर कधी चालला नाही, टोमण्यांवर चालला. चष्मेवाले उशिरा घरी आले की बाई म्हणायच्या, "आज लवकर कसा? दुकानाला आग लागली का?" भाजी खारट झाली की चष्मेवाले म्हणायचे, "मीठ संपलं का गं घरातलं? जाणवतच नाहीये." मुलगी लहानपणी वैतागून विचारायची, "या घरात सरळ बोलायला बंदी आहे का?" पण त्या उलट्या बोलण्यातच त्यांचा जीव होता, हे तिलाही ठाऊक होतं.

हे नेमकं कधी थांबलं ते चष्मेवाल्यांना सांगता आलं नसतं. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की आपण टोमणा मारतो आणि तो रिकामाच परत येतो. "वा, काय वेळेवर जेवण!" असं म्हटलं तर बाई घड्याळाकडे बघून म्हणायच्या, "नाही, उशीर झालाय." चेहऱ्यावर ना राग, ना हसू. चष्मेवाल्यांना वाटलं, ही आपल्यावर रुसली आहे. मग वाटलं, कंटाळली आहे.

त्यातच चष्मेवाल्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा वारला. दोघं भेटायला गेले. खोलीत माणसं भिंतीला टेकून बसली होती, कोणी बोलत नव्हतं, मधूनच बहिणीचा हुंदका ऐकू यायचा. बाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पडदे बदललेस वाटतं? छान आहेत गं. कुठून घेतलेस?" मग त्यांनी गेलेल्या माणसाची एक जुनी गोष्ट काढली. मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमात तो कसा घोरायला लागला आणि मुख्याध्यापकांना कसं भाषण थांबवावं लागलं, ती. गोष्ट खरी होती, मजेदारही होती, तो स्वतःही ती रंगवून सांगायचा. पण बाई ती मोठ्या आवाजात सांगत होत्या, आणि शेवटी त्या एकट्याच हसल्या.

दुसऱ्या दिवशी बहिणीने भावाला सांगितलं, "दादा, तू ये. पण वहिनीला म्हणावं, माझ्या दारात पाऊल टाकू नका."

घरी चष्मेवाल्यांनी बाईंना धारेवर धरलं. बाईंना त्यांचा राग दिसत होता, पण तो कशाचा ते कळत नव्हतं. त्या म्हणाल्या, "ती गोष्ट मजेदार आहे. तू पण दर वेळी हसतोस."

"अगं, पण कुठे सांगायची ती!"

"कुठे म्हणजे? तिच्याच घरी तर सांगितली."

चष्मेवाल्यांनी कपाळावर हात मारला. कोर्टात रोज दुसऱ्यांचं रडणं स्वतःच्या तोंडून काढून काढून माणूस आतून कोरडा पडत असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण समजूत काही टिकली नाही. एकदा ते तापाने फणफणले होते. बाई त्यांच्या शेजारी बसून दाणे खात होत्या, कपाळावर हात ठेवणंही नाही. ते चिडून म्हणाले, "तुला काय, मी मेलो तरी चालेल!"

बाईंनी क्षणभर विचार केला. "चालेल," त्या म्हणाल्या. "दुकान मुलीला सांभाळता येईल."

चष्मेवाल्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ताप उतरला, पण तो शब्द काही उतरला नाही. त्यानंतर ते घरात कामापुरतं बोलायला लागले. आणि बाईंना त्याचंही काही वाटलं नाही, हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

कोर्टात अजून कोणाला काही दिसलं नव्हतं. तिथलं काम ठरलेल्या चाकोरीतलं असतं. प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर. शब्द बाईंना अचूक यायचे, एकही सुटायचा नाही. मग वेल्डरचा खटला उभा राहिला.

हा वेल्डर बंदरावर जहाजं दुरुस्त करायचा. एका उंच परांचीवर तो आणि त्याचा मुकादम, दोघंच काम करत होते. मुकादम वरून पडला आणि जागच्या जागी गेला. आदल्या दिवशी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, ते सगळ्यांनी ऐकलं होतं. वेल्डरनेच ढकललं, असा आरोप आला.

जामिनाच्या सुनावणीत सरकारी वकील सकाळपासून एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होते. तुम्ही त्याच्यापासून किती लांब होता? भांडण झालं होतं ना? मग तो आपोआप कसा पडला? वेल्डर दर वेळी सांगत होता, की माझी पाठ होती, डोळ्यांवर काच होती, मला फक्त आवाज ऐकू आला. परत तोच प्रश्न आला तेव्हा त्याचा तोल सुटला. त्याने दोन्ही हात वर उडवले, छताकडे बघितलं आणि आपल्या भाषेत म्हणाला, "हो हो, मीच ढकललं! झालं समाधान?"

बाईंनी सरळ, संथ आवाजात सांगितलं, "हो, मी ढकललं. तुमचं समाधान झालं का?"

वेल्डरचा वकील तरुण होता, त्याला ती भाषा येत नव्हती, पण डोळे होते. तो ताडकन उठला. "साहेब, तो वैतागून बोलतोय!"

न्यायाधीशांनी बाईंकडे बघितलं. इतकी वर्षं ते याच चेहऱ्याकडे बघून ठरवत आले होते. "बाई, तो खरंच असं म्हणाला?"

"शब्दन् शब्द, साहेब."

"वैतागून म्हणाला का?"

बाईंनी विचार केला. "आवाज मोठा होता. चेहरा रागावलेला होता."

तेही खरंच होतं. रागावलेल्या माणसाने कबुली दिली, असाच त्याचा अर्थ झाला. न्यायाधीशांनी ते नोंदवून घेतलं आणि जामीन नाकारला. आपल्या तोंडी काय घातलं गेलं ते वेल्डरला कळलं नव्हतं. तो अजून पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभा होता. मागच्या बाकावर त्याची बायको बसली होती. तिला इथली भाषा मोडकीतोडकी कळायची. ती उठून किंचाळली, तेव्हा बाईंनी वळून तिच्याकडे बघितलं, आणि मग पिशवीतून डबा काढला, कारण जेवणाची वेळ झाली होती.

चार दिवसांनी तो वकील आणि वेल्डरची बायको चष्म्याच्या दुकानात येऊन उभे राहिले. वकिलाने सांगितलं, की कोर्टातल्या बोलण्याचं रेकॉर्डिंग असतं, ते त्याने दुसऱ्या एका दुभाष्याला ऐकवलं. शब्द बरोबर आहेत, असंच तोही म्हणाला. सूर चिडका वाटतो, पण सुरावरून शपथ कोण घेणार? न्यायाधीश म्हणाले होते, की सुराच्या बाबतीत बाईंवर अविश्वास दाखवायला काही कारण तर हवं.

"म्हणून वाटलं, बाईंनी पुन्हा एकदा ऐकलं तर..." वकील संकोचून म्हणाला.

"बाईंचं आजवर कधी चुकलेलं नाही," चष्मेवाले लगेच म्हणाले. घरात कितीही अबोला असला तरी बाहेरच्यापुढे बायकोची बाजू सोडायची नाही, एवढं त्यांच्या हाडात होतं.

मग वेल्डरची बायको बोलली. काउंटरच्या काचेवर दोन्ही पंजे टेकून, एकेक शब्द शोधत. "तो 'हो' बोलला. पण 'हो' नाही बोलला. तुमची बाई आमची बोली ओळखते. माझ्या आईला ओळखते. आमच्यात भांडण कसं करतात ते ओळखते. मग का?"

संध्याकाळी दुकान बंद करून चष्मेवाले घरी गेले. बाई स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून चहा पीत होत्या. चष्मेवाले आपला कप भरून घेऊन समोर बसले आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी कामापलीकडचं काही विचारलं.

"तो वेल्डर काय म्हणाला होता?"

बाईंनी सांगितलं. आधी त्या भाषेत, मग आपल्या. दोन्ही वेळा आवाज सारखाच, बाजारभाव वाचून दाखवावा तसा.

"हात वगैरे हलवले का त्याने?"

"दोन्ही वर केले. छताकडे बघितलं."

"आणि तुला त्यात वावगं काही वाटलं नाही?"

"चिडला होता. चिडलेला माणूस ढकलतोच."

चष्मेवाले तिच्याकडे बघत राहिले. तिने सगळं बघितलं होतं. हात, छत, चेहरा, आवाज. यातलं काहीही सुटलं नव्हतं. समोरचा स्वतःचा कप त्यांनी बोटाने ढकलला. चहा टेबलभर पसरला, कडेवरून खाली गळायला लागला.

"वा!" ते म्हणाले. "काय सुंदर काम केलं मी!"

बाई म्हणाल्या, "सुंदर नाही. चहा सांडला."

"मग मी सुंदर का म्हणालो?"

बाईंनी चहाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. त्या खरोखरच विचार करत होत्या. "तुला सांडलेला दिसला नसेल," त्या म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी फडकं आणलं, टेबल पुसलं, फरशी पुसली. फरशीवर बसलेले असतानाच त्यांनी मुलीला फोन लावला. ती दुसऱ्या गावी नोकरीला होती. "तू ये," एवढंच ते म्हणाले. मुलीने विचारलं, "आईचं भांडण झालं का परत?" ते म्हणाले, "नाही गं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं."

मेंदूच्या डॉक्टर मध्यमवयीन होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी बाईंना बापलेकीच्या देखतच तपासलं. आधी नुसत्या चेहऱ्यांची चित्रं दाखवली. हसणारा, रडणारा, घाबरलेला. ठळक चेहरे होते, बाईंनी सगळे ओळखले. मुलीने सुटकेचा श्वास सोडला. मग डॉक्टरांनी रडणाऱ्या एका मुलीचं पूर्ण चित्र दाखवलं. तिच्या गळ्यात पदक होतं, मागे लोक टाळ्या वाजवत होते.

"हिला काय वाटतंय?"

"दुःख झालंय."

"गळ्यात काय आहे?"

"पदक."

"मागचे लोक काय करताहेत?"

"टाळ्या वाजवताहेत."

"मग तिला काय वाटतंय?"

"दुःख झालंय," बाई म्हणाल्या. "रडतेय ना."

मग एक छोटी फिल्म. मित्र वाट बघत उभा आहे, दुसरा धापा टाकत येतो, पहिला घड्याळाकडे बघून म्हणतो, "किती वेळेवर आलास!" बाई म्हणाल्या, की दुसरा वेळेवर आला म्हणून पहिल्याने त्याचं कौतुक केलं.

इतर तपासण्या झाल्या, मेंदूचे फोटो निघाले, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांनी बोलायला सुरुवात केली. "आपण नुसता चेहरा कधीच बघत नाही. चेहऱ्याबरोबर खोली बघतो, आधी काय झालं ते आठवतो, समोरचा आपला कोण ते धरतो, आणि मग हे हसू कसलं, हे रडू कसलं ते ठरवतो. हे इतकं झटकन होतं, की आपल्याला वाटतं अर्थ चेहऱ्यावरच लिहिलाय. मेंदूचा पुढचा भाग, कानांजवळचा भाग आणि आतली एक घडी, जिथे आपल्या छातीतली धडधड, पोटातला गोळा या सगळ्याची खबर पोचते, ही ठिकाणं सारखी एकमेकांशी बोलत असतात. तुमच्या पत्नीच्या मेंदूत ते बोलणं तुटत चाललंय. शब्द शाबूत आहेत. शब्दांच्या भोवतीचं गळतंय."

"तिच्यातली माया गेली का?" चष्मेवाल्यांनी विचारलं. त्यांना हे एवढंच विचारायचं होतं.

डॉक्टर म्हणाल्या, "माया कुठे आणि कधी करायची, हे आतून सांगणारं कोणी राहिलेलं नाही. माया आहे की गेली, ते मी नाही सांगू शकत. पण त्या मुद्दाम काही करत नाहीयेत, एवढं नक्की सांगते. आणि हा आजार मागे फिरत नाही, तेही सांगितलं पाहिजे."

बाई शेजारीच बसल्या होत्या. "मला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "मला सगळे शब्द येतात."

तिघं चालत घरी निघाले. वाटेत चष्मेवाल्यांच्या डोक्यात तो एक शब्द घोळत होता. चालेल. किती महिने त्यांनी तो काट्यासारखा बाळगला होता, रात्रंदिवस कुरवाळून धारदार केला होता. शब्द अजून तोच होता, एका अक्षराचाही फरक नव्हता, पण आता तो बोचत नव्हता. एका आजारी बाईला प्रश्न विचारला होता आणि तिने जमेल तसं उत्तर दिलं होतं. त्यांना हायसं वाटलं. आणि त्या हायसं वाटण्याची त्यांना इतकी शरम वाटली, की ते रस्त्यात थांबून खिशात उगाचच रुमाल शोधत राहिले. ती कोरडी झाली नव्हती. ती जात होती. आणि ती जात असताना आपण अबोला धरून बसलो होतो.

त्यांनी बहिणीकडे जाऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आता मी रागवायचंही नाही."

"राग येत असेल तर येऊ दे की."

"तसं नाही रे दादा. राग होता तेच बरं होतं. हे गेले, तेव्हापासून मी त्या रागाला धरून उभी होते." तिने पदराने डोळे टिपले. "वहिनीला घेऊन ये. पडद्यांबद्दल बोलेना का."

वेल्डर अजून आतच होता. वकिलाला आता हवं होतं ते कारण सापडलं होतं, पण ते कोर्टात कोणीतरी जाऊन सांगायला हवं होतं. मुलगी आडवी आली.

"बाबा, आईने जन्मभर एकच गोष्ट कमावली. नाव. तू उद्या तिथे उभा राहून सांगणार, की हिचं डोकं चालत नाही? तिचे सगळे जुने खटले उकरून काढतील. आपण तिला सरळ निवृत्त करू. वकील काढेल दुसरी काही वाट."

"दुसरी वाट असती तर तो दुकानात आला असता का?"

"मला त्या माणसाबद्दल वाईट वाटतंच रे! पण ती माझी आई आहे."

"आणि तो त्याच्या घरच्यांचा कोणीच नाही?" चष्मेवाले म्हणाले, आणि लगेच आवाज खाली आणला. "तिचं नाव नीट राहावं म्हणून त्याने आत बसायचं? तुझी आई शुद्धीवर असती ना, तर माझ्याआधी जाऊन उभी राहिली असती."

मुलीचं नाक लाल झालं होतं. शेवटी म्हणाली, "तिला विचारलंस का?"

तेवढं राहिलंच होतं. आजारी माणसाबद्दल त्याच्या पाठीमागे ठरवायची सवय किती लवकर लागते! चष्मेवाले बाईंजवळ गेले. त्या खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे रंग मोठ्याने सांगत होत्या. हल्ली हा छंद लागला होता. चष्मेवाल्यांनी ठरवलं, वळसा घालायचा नाही. त्यांच्या जन्माची सवय त्यांना आवळून धरत होती, तरी ते सरळ बोलले.

"तुला मेंदूचा आजार झालाय. त्यामुळे वेल्डर काय म्हणाला ते तुला चुकीचं कळलं. तो निर्दोष असू शकतो. हे मला कोर्टात सांगायचंय. सांगितलं की तुझं काम जाईल. लोक तुझ्याबद्दल बोलतील. सांगू का?"

"हे खरं आहे?" बाईंनी विचारलं.

"खरं आहे."

"मग सांग," बाई म्हणाल्या. "कोर्टात खरं सांगायचं असतं. पांढरी गाडी."

सुनावणीच्या दिवशी बाईंची जागा साक्षीदाराशेजारी नव्हती, चष्मेवाल्यांशेजारी बाकावर होती. त्या दोनदा उठून आपल्या नेहमीच्या जागेकडे निघाल्या. दोन्ही वेळा चष्मेवाल्यांनी हात धरून बसवलं. कोर्टातल्या जुन्या शिपायाने मान दुसरीकडे वळवली. डॉक्टरांनी साक्ष दिली. मग रेकॉर्डिंग लावलं. वेल्डरचा आवाज खोलीभर झाला.

न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, "बाई, हा काय म्हणतोय?"

बाई उभ्या राहिल्या. "हो, मी ढकललं. तुमचं समाधान झालं का?"

"तो हे मनापासून म्हणतोय का?"

"तो 'हो' म्हणतोय, साहेब."

न्यायाधीशांनी डोळ्यांवरून हात फिरवला. एवढी वर्षं ज्या आवाजाच्या भरवशावर त्यांनी माणसं आत पाठवली आणि बाहेर सोडली, तो आवाज समोर उभा होता, स्पष्ट, शांत, व्याकरणात अचूक. "बसा बाई," ते म्हणाले. "आजवर फार मोलाचं काम केलंत." बाईंनी मान हलवली. "हो," त्या म्हणाल्या.

ती कबुली नोंदीतून काढून टाकली गेली. नव्या दुभाष्यामार्फत वेल्डरला परत विचारलं गेलं. या वेळी तो न चिडता, खाली बघून बोलला. त्याला जामीन मिळाला. खटला पुढे बरेच महिने चालला. परांचीचा दोर कुजला होता, आणि तसं वरिष्ठांना आधीच सांगितलं होतं, असं शेवटी त्याच्याबरोबरच्या एका कामगाराने धीर करून सांगितलं. वेल्डर सुटला. मुलीला भीती होती तेही झालं. अलीकडचे काही खटले परत तपासले गेले. बहुतेक ठीक निघाले. एकात मात्र खरंच चूक सापडली, आणि एका भाडेकरू बाईला तिची खोली परत मिळाली. ती बाई अजून रस्त्यात दिसली तर चष्मेवाल्यांशी बोलत नाही. ते तिला दोष देत नाहीत.

जामीन झाला त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात वेल्डर आणि त्याची बायको समोरून आले. वेल्डर थांबला नाही. बायको थांबली. बाईंच्या अगदी समोर उभी राहून तिने तिच्या भाषेत एकच वाक्य म्हटलं, आणि नवऱ्यामागे निघून गेली.

"काय म्हणाली?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"तुमचं देव भलं करो, म्हणाली."

चष्मेवाले तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. आशीर्वाद होता, की तळतळाट? त्यांना ती भाषा येत नव्हती. तिचा चेहरा थकलेला होता, ओठ घट्ट मिटलेले होते. पण इतके दिवस नवरा आत असलेल्या बाईचा चेहरा दुसरा कसा असणार? विचारायला शेजारी जी होती तिच्याकडे फक्त शब्द होते. मुलगी म्हणाली, "बाबा, चल." तिने आईचा दुसरा हात धरला.

नंतर घरात सगळेच सरळ बोलायला शिकले. कुठे जायचं असलं की चष्मेवाले आधी सांगायचे, "हे आजारी माणसाचं घर आहे, हळू बोलायचं." बाई ऐकायच्या. कधी जमायचं, कधी नाही. मुलगी सुट्टीला आली की दोघं बापलेक गच्चीत जाऊन एकमेकांना मनसोक्त टोमणे मारायचे, हसायचे, आणि मग एकदम दोघंही गप्प व्हायचे.

बाईंचे शब्दही पुढे कमी होत गेले. शब्द जायला लागण्याआधीच्या दिवसांतली एक संध्याकाळ. चष्मेवाले दुकानातून आले. बाई खिडकीशी होत्या. चष्मेवाल्यांनी चप्पल काढली, हातपाय धुतले, आणि आजवर कधी तोंडातून न निघालेली गोष्ट ते उभ्या उभ्याच बोलून गेले.

"मला तुझी फार आठवण येते."

बाईंनी वळून बघितलं. "मी इथेच आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग जवळ बस."

चष्मेवाल्यांनी खुर्ची ओढली आणि खिडकीशी तिच्या शेजारी बसले. खाली रस्त्यावर दिवे लागत होते. थोड्या वेळाने बाईंनी एका गाडीचा रंग सांगितला, आणि पुढच्या गाडीचा त्यांनी सांगितला.